उपासाच्या दिवशी आलेला जावई

आमच्या दिघोरीकडे जावयाने सासरी येऊन भात खाल्ला, की भांडण मिटलं असं धरतात. पंच बसत नाहीत. कोण चुकलं अन् कोण नाही, ते कोणी उकरत नाही. सासरा-जावई एका पंगतीला बसतात, सासू भात वाढते, जावई पहिला घास घेतो आणि दुसऱ्या दिवशी लेक त्याच्या मागोमाग एस.टी.त चढते. मागून त्याने तोंड उघडलं तर गाव त्यालाच विचारतं, "मंग भात काहून खाल्ला गा?" तळ्याच्या पाण्यावर धान पिकवणारा आमचा मुलूख. इथला माणूस देवाची शपथ घेऊन खोटं बोलेल, पण खाल्लेल्या भाताला नाही म्हणणार नाही.

म्हणून सेवकरामने यायला नेमका शिवरात्रीचा दिवस धरला, तेव्हाच मी ओळखलं.

सेवकराम आमचा जावई. शहापूरचा. मोठ्या सडकेवरचं गाव, त्यामुळे त्या घरच्या कुत्र्यालाही वाटतं आपण नागपूरचे. माझी चंद्रकला त्याला दिली होती. दोनदा तिला दिवस गेले, दोन्ही वेळा पोर जन्मलं पण रडलं नाही. दिवाळीला त्यांनी तिला आणून सोडलं, "चार दिवस आराम कर" म्हणून. माघ सरत आला तरी ते चार दिवस सरले नव्हते. गावातल्या बायका विहिरीवर विचारायच्या. मी सांगायची, "माह्या घरात काम किती हाय, मीच ठेवून घेतली." त्या माना डोलवायच्या. मान डोलवणाऱ्या बाईचा मला फार राग येतो, ती ऐकत नसते, मोजत असते.

निरोप आला तो सेवकरामचा नव्हे, त्याच्या काकाचा. भैयाजी म्हणतात त्याला. स्वतःच्या घरात त्याला कोणी विचारत नाही, म्हणून दुसऱ्याची घरं चालवतो. निरोप असा, की प्रतापगडच्या जत्रेला जाता जाता आम्ही दोघं तुमच्याकडे उतरू, दुपारी थांबू, फराळाचं पाहा.

चंद्रकलेचा बाप खूश झाला. धोतराच्या सोग्याने तोंड पुसत म्हणाला, "पाहा, येऊन राहिले शेवटी."

"फराळाले येऊन राहिले," मी म्हटलं.

"मंग? उपासच हाय त्या दिवशी. भात कसा खातीन?"

"तुमच्या डोस्क्यात कोंडा भरला हाय काय? एस.टी. रोज येते. आदल्या दिवशी याले काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं? शिवरात्रीलेच कायले?"

"देवाचं काम हाय, बाप्पा."

"देवाचं नाही, भैयाजीचं काम हाय. भात न खाता तोंड दाखवून जाचं हाय त्याइले."

त्यांनी विडी पेटवली. माझ्या घरात विडी पेटली, म्हणजे बोलणं संपलं असं समजायचं.

चंद्री भिंतीला टेकून ऐकत होती. संध्याकाळी तिने आपलं हिरवं लुगडं धुऊन दांडीवर टाकलं.

तर मग रताळ्यांवरच सगळं आलं. येऊ दे म्हटलं. रताळ्यात माझा हात धरणारी बाई या पंचक्रोशीत नाही, हे मी सांगत नाही, माझ्याशी अबोला धरलेल्या बायकाही सांगतात. लोकांना रताळं म्हणजे उकडा, साल काढा, मिठाशी गिळा अन् महादेवाला हात जोडा. घरामागच्या वाडीत मी दोन जातीची लावते. लाल सालीची पाणचट असतात पण गोड, ती खिरीला. पांढरी कोरडी, फुटाण्यासारखी भुसभुशीत, ती तिखटाला. खणल्याबरोबर जी बाई रताळं चुलीवर घालते, तिला खाण्यातलं काही कळत नाही. खणून सावलीत पसरून ठेवायची. तहानेने जीव सुकला, की रताळ्यात गोडी उतरते. माणसाचं तसं होत नाही.

शिवरात्रीच्या सकाळी अंघोळ करून मी चुलीशी बसले. चंद्री किसत होती. किसता किसता म्हणाली, "माय, खीर घट्टच ठेव. त्याइले पातळ नाही आवडत."

"माहीत हाय मले."

"अन् वेलची कमी. खोकला येते त्याइले वेलचीनं."

दिवाळीपासून जे घर तिला माणूस म्हणून विचारत नव्हतं, त्या घरच्या माणसाचा खोकला तिच्या ध्यानात होता. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंडातून वाईट निघालं असतं आणि उपासाला तेही चालत नाही.

खिरीचा कीस तुपावर परतला, कच्चा वास गेल्यावर दूध घातलं. गूळ मात्र चुलीवर असताना घालायचा नाही. दूध फाटतं. खीर खाली उतरवावी, बोट लावता येईल इतकी निवू द्यावी, मग गूळ. घाईच्या सुना हीच खीर बिघडवतात आणि दुधाला नाव ठेवतात. लाल रताळ्याच्या जाड चकत्या गुळाच्या पाकात सोडल्या, कडा काचेसारख्या दिसू लागल्या तशा काढल्या. पांढऱ्याच्या फोडी जिरं-मिरचीत, वरून दाण्याचा कूट, शेंदेलोण. उपासाला साधं मीठ आमच्याकडे घालत नाहीत. म्हणजे बघा, जावई घरचं मीठही खाणार नव्हता.

राहिले वडे. पांढरी रताळी उकडून कुस्करली, मिरची, जिरं, कोथिंबीर घातली. आता हे बांधायला पीठ लागतं, नाही तर कढईत गोळा सुटतो आणि तेलात नुसता चुरा फिरत राहतो. उपासाला आम्ही शिंगाड्याचं पीठ घेतो. आमच्या तळ्यातलेच शिंगाडे, वाळवून दळलेले. शिंगाड्याचा डबा फळीवर होता. त्याच्या शेजारी तांदळाच्या पिठाचा.

मी तांदळाचा डबा काढला.

भात खाणार नाहीस ना? मग तांदूळ खा. असं माझ्या मनात आलं आणि ते मला अगदी बरोबर वाटलं. पाप म्हणाल तर महादेव भोळा आहे. त्याची स्वतःची बायको रुसून जायची, त्याला संसार कळतो. मूठभर पीठ परातीत पडलं.

चंद्री किसणी धूत होती, ती थांबली. "माय, तो डबा तांदळाचा हाय."

"डोळे हायेत मले."

"आज शिवरात्र हाय."

"तुले नांदाचं हाय का नाही?"

ती पुन्हा किसणी धुवायला लागली. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. कोणत्याही आईने तोच घेतला असता. मी पीठ मळलं, गोळा झाकून ठेवला आणि तिला म्हटलं, "पानं मांडली, की तू गरम गरम तळून आन. तूच वाढ. नवऱ्याले बायकोनंच वाढावं."

दुपारी ते आले. मी अंगणात पाय धुवायला पाणी दिलं. सेवकराम जाड झाला होता. पायांवर पाणी घेताना त्याने मान वर केली नाही. भैयाजीने मात्र ओसरी, गोठा, धानाची कणगी, सगळ्यांवरून डोळा फिरवून घेतला आणि मगच रामराम केला.

"समधीनबाई, तब्येत काय म्हनते?"

"तुम्ही आले, आता उतरनच थोडी."

तो हसला. लाज सोडलेल्या माणसाला टोमणा मारणं म्हणजे म्हशीच्या पाठीवर फूल फेकणं.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. दोघं पाहुणे आणि त्यांच्यासमोर चंद्रीचा बाप. खीर, चकत्या, तिखट फोडी, निखाऱ्यात भाजलेली आख्खी रताळी फोडून वर तूप. वडे यायला उशीर लागला. मला वाटलं, तेल तापलं नसेल. मग चंद्री ताट घेऊन आली, हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढलेला. तिने त्याच्या पत्रावळीवर चार वडे ठेवले. त्याने पाहिलं ते वड्यांकडे.

भैयाजीने तोंड भरून विचारलं, "वाहवा! यात काय टाकता जी तुम्ही? आमच्या घरचे त तेलातच इरघळून जाते."

"काय टाकते? शिंगाड्याचं पीठ," मी म्हटलं. "घ्या, लाजू नका. अजून दोन घ्या. जवाईबापू, तुम्ही बी घ्या."

सेवकरामने घेतले. सहज, भुकेने, मागून घेतले. खिरीची वाटी दोनदा पुढे केली. मी ओसरीच्या कडेला बसून त्याच्या घशाकडे बघत होते. प्रत्येक घास खाली उतरला, की मला वाटायचं, चंद्रीची एक एक वस्तू पेटीत भरली जात आहे.

हात धुऊन झाले. सुपारी फिरली. मग भैयाजीने मांडी बदलली.

"समधीनबाई, फराळ झाला, मन भरलं. आता अन्न काही आम्ही तुमच्या घरचं घेतलं नाही, तवा मोकळेपनी सांगतो. राग मानू नका. चंद्रकला पोरगी चांगली हाय, तिच्यात खोट नाही. पन घराले वारस त पाहिजे. नाकाडोंगरीकडे माह्या साळ्याची पोरगी हाय. जमवलं आम्ही. चैत्रात उरकून टाकू. चंद्रकला राहू द्या तुमच्याजवळ. तुमच्या बी घरात काम लय असते म्हनते."

विहिरीवरचं माझं बोलणं शहापूरपर्यंत गेलं होतं आणि असं परत आलं.

चंद्रीचा बाप सुपारी तोंडात तशीच धरून बसला. मी सेवकरामला विचारलं, "तुम्ही बोला जवाईबापू. तुमाले जीभ देली हाय देवानं."

तो म्हणाला, "काका सांगून राहिले न, मामीजी."

"मंग माहं ऐका," मी म्हटलं आणि उठून उभी राहिले. "अन्न घेतलं तुम्ही. वड्यात शिंगाडा नव्हता, तांदूळ होता. माह्या घरचा तांदूळ. मागून मागून खाल्ला."

सेवकरामचा हात गळ्याकडे गेला. आवाज आला तो लहान पोरासारखा. "मामीजी, माहा नवस हाय! नवं घर मांडतो त पोरगं व्हावं म्हनून. पानी बी मोजून पेऊन राहिलो सकाळपासून!"

"तुह्या नवसाचं देवाले सांग. मले एकच सांग, खाल्लं का नाही?"

"काय करून बसली वो तू?" चंद्रीचा बाप पुटपुटला.

भैयाजी उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "हे खानं धरत नाही! धोक्यानं खाऊ घातलं!"

"पोटाले धोका समजत नाही, भैयाजी. पोटाले तांदूळ समजते. जा, गावात कोनालेबी विचारा. नाही त मीच विचारते, बलावू काय चार मानसं?"

त्यालाही ठाऊक होतं की गाव काय म्हणेल. सेवकराम भिंतीला टेकून खाली बसला. डोकं धरलं. भ्यालेला माणूस बांधायला दोरी लागत नाही. मी पाहत होते, त्याच्या मनातून नाकाडोंगरी सुटत चालली होती. आता तो उपास गेलेल्या माणसासारखा भात मागेल, रात्री राहील आणि सकाळी चंद्रीला म्हणेल, चल. एवढंच बाकी होतं. मी आत वळून हाक मारणार होते, की तांदूळ धुवायला घे.

चंद्री दारातच उभी होती. तिच्या हातात टोपली होती.

"तुमचा उपास नाही मोडला जी," ती त्याला म्हणाली.

तिने टोपली खाली ठेवली. तीत मी मळलेला गोळा होता, आख्खा, वरून सुकलेला. "मायनं मळला तो हा. मी याले हात नाही लावला. दुसरी रताळी कुस्करून शिंगाड्यात केले तुमचे वडे. बाबाचे बी. शिंगाड्याचं पीठ मी सोता टाकलं. शप्पथ."

सेवकरामने टोपलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. दिवाळीपासून पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, आता तरी काही होईल.

"बरं केलं," तो म्हणाला.

आणि उठला. धोतर झटकलं. त्याच्या अंगात जीव परत आला होता, चालीत दिसत होता. भैयाजीने पिशवी उचलली. अंगणात जाऊन त्याचं तोंड पुन्हा सुटलं. "पोरगी खरी निघाली समधीनबाई. तुमच्यावर नाही गेली."

"माह्यावर गेली असती, त तू आज भात खाऊन गेला असता!" मी ओरडले. भैयाजीशी अहो-जाहो तिथेच संपलं. पण ओरडण्यात काय आहे? एस.टी. चुकेल म्हणून ते झपाझप गेले. जाताना सेवकरामने भाजलेली दोन रताळी वाटेसाठी मागितली नाहीत, एवढीच त्याची लाज. भैयाजीने मागितली होती, अगोदरच, हात धुताना.

मी चंद्रीला दंडाला धरून आत ओढली.

"काहून केलं असं? बोल! तोंड शिवलं काय तुहं?"

ती माझ्याकडे न बघता चुलीतली लाकडं मागे ओढायला लागली. "त्याचा नवस होता, माय."

"तुह्या सवतीच्या पोरासाठी!"

"हाव. मले माहीत होतं. दिवाळीतच माहीत होतं." लाकडावर पाणी शिंपडून ती म्हणाली, "उपास मोडला असता अन् मंग तिले बी पोर झालं नसतं, त कोनाचं नाव घेतलं असतं त्याइनं? माहंच न? अन् मले घेऊन गेले असते त काय केलं असतं? रोज त्याच घरात राहाचं, रोज तेच आयकाचं. तांदूळ चारून आनली म्हनून."

"पन नांदली त असतीस!"

"नांदून पाहिलं न मी."

मी तिला थोबाडीत मारायला हात उचलला होता. तो तसाच खाली आला. मारून कोणाला मारणार? तिच्यात मारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बाप बाहेर ओसरीवर होता. विडी पेटवण्याचा वास आला.

दुसऱ्या दिवशी पारण्याला मी भात केला. तिघं जेवलो. विहिरीवर गेले तर रत्नाबाई दोर सोडता सोडता म्हणाली, "जवाई आले होते म्हनते?"

"आले होते."

"नेलं नाही?"

"उपास होता न," मी म्हटलं.

तिने मान डोलवली.

मी आजही सांगते, ते पीठ टाकलं ते बरोबरच होतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा टाकीन, फक्त त्या वेळी वडे स्वतः तळीन. पण तशी वेळ कुठून येणार? चैत्रात लग्न झालं. नाकाडोंगरीच्या पोरीला पुढच्या वर्षी पौषात मुलगा झाला. भैयाजी गावोगाव सांगत फिरला, की सेवकरामचा शिवरात्रीचा उपास फळाला आला. खरंच आहे ते. माझ्या पोरीने चुलीशी बसून राखला, म्हणून फळाला आला.

ही बातमी आमच्याकडे आली तेव्हा चंद्री वाडीत रताळ्याचे वेल उचलून बाजूला करत होती. मी बांधावरूनच सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा बरं.

"पोरगा झाला म्हनते शहापूरले."

तिने कुदळ मातीत घातली. "रडला काय?" तिने विचारलं.

"काय?"

"जन्मला तवा रडला काय?"

"रडलाच असन. जिता हाय म्हनते, जाडाजुडा हाय."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुढचा वेल उचलला.